नऊ इंचाचा नंदी अन् टेकवलेलं चाक: तान्हा पोळ्याच्या मिनिएचर देखाव्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातल्या एका घरातलं आहे. नावं बदलली आहेत, कॉलनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, बाकी जसं झालं तसंच लिहिते आहे अन् घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. आमचा मिनिएचर करणाऱ्यांचा छोटासा ग्रुप आहे, त्यातली ही मीनल. नोकरी करते, रात्री सगळ्यांची जेवणं झाली की डायनिंग टेबलवर जुनी चादर पसरून कामाला बसते. तिचा हात बसलेला आहे खाण्याच्या वस्तूंवर, म्हणजे फ्रिज मॅग्नेटवरचे तर्री पोहे, पाटवडीचं ताट, संत्रा बर्फीचा डबा असं सगळं, अन् ते ती १:१२ मध्ये करते. खऱ्यातला एक फूट तिथे एक इंच. डॉलहाउसवाले जगभर बहुतेक हेच माप धरतात म्हणून तयार छोट्या खुर्च्या, कपाटं वगैरे बहुतेक याच मापात मिळतात.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा बैलांचा, तान्हा पोळा पोरांचा. पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, नंदीच्या पाटाला चाकं असतात, दोरी धरून ओढत न्यायचा, मग मैदानात सगळे नंदी रांगेत लागतात, सजावटीला बक्षीस असतं अन् नंतर पोरं घरोघरी नंदी घेऊन जातात आणि बोजारा गोळा करतात, म्हणजे खाऊचे पैसे. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं नागपूरकर पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. माझ्या मते आपल्या भागातली मिनिएचरची सगळ्यात जुनी जिवंत परंपरा हीच आहे, अन् आपण हौशी लोक इंटरनेटवर जपानी ब्रेड अन् युरोपियन खिडक्या पाहत बसतो, म्हणून हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं.

मीनलची मुलगी रेवा, वय आठ. तिला त्या वर्षी पहिल्यांदा कॉलनीच्या तान्हा पोळ्यात नंदी न्यायचा होता. घरात नंदी होता, तिच्या बाबांच्या लहानपणीचा. पायापासून वशिंडापर्यंत नऊ इंच, एक कान तुटलेला, पोटाजवळचा रंग पापुद्र्यांनी निघालेला, खालच्या पाटाचं एक चाक गायब. मीनलने ठरवलं की नुसती झूल अन् माळ घालून न्यायचा नाही, आपल्याला एवढं येतं तर पूर्ण देखावा करायचा. कागदावर काढलं ते असं: गोठा, बंडी म्हणजे बैलगाडी, विहीर, तुळशीवृंदावन, मागे संत्र्याची झाडं, अन् मधे नंदी. नागपंचमीच्या आसपास काम सुरू झालं.

पहिली अडचण: माप

काम सुरू करून आठवडा झाला अन् तिने ग्रुपवर फोटो टाकला. विहीर झाली होती, तुळशीवृंदावन झालं होतं, सुंदर होतं दोन्ही, पण शेजारी नंदी ठेवला तर नंदी राक्षसासारखा दिसत होता. विहिरीत त्याचं तोंडही मावलं नसतं. कारण सवयीने हात १:१२ मध्येच चालला होता.

इथे थांबून गणित केलं तर सोपं आहे. खरा बैल वशिंडाशी साधारण साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच. नंदी नऊ इंच. ५४ ला ९ ने भागलं की ६. म्हणजे हा नंदी १:६ मध्ये आहे, त्याच्याभोवतीचं सगळं जग १:६ मध्येच लागणार. जी वस्तू तुम्ही बदलू शकत नाही तिच्यावरून माप काढायचं, हे मी ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण आपण नेहमी उलटं करतो, आपल्याला आवडतं ते आधी करून घेतो अन् मुख्य वस्तू शेवटी आणून ठेवतो.

१:६ धरलं की बंडीचं काय होतं ते बघा. बंडीचं चाक माणसाच्या छातीएवढं, साडेचार फूट धरलं तरी नऊ इंचांचं चाक होतं. धुऱ्यासकट बंडी अकरा-बारा फूट, म्हणजे जवळजवळ दोन फुटांची. शिवाय बंडीला जोडी लागते, नंदी एकच. त्यात गोठा, विहीर, झाडं. सगळं धरून बोर्ड अडीच फुटांच्या वर गेला असता, अन् घर तिसऱ्या मजल्यावर, आठ वर्षांच्या पोरीने तो खाली न्यायचा कसा?

पर्याय काय होते

तीन पर्यायांवर घरात अन् ग्रुपवर बरंच बोलणं झालं.

एक, साडेचार इंचांची नवी नंदीची जोडी बाजारातून आणायची, मग सगळं १:१२ मध्ये बसतं, झालेली विहीर अन् वृंदावनही वाया जात नाही. कामाच्या दृष्टीने हाच सगळ्यात शहाणा पर्याय होता अन् मी स्वतः हाच सुचवला होता. पण रेवाला बाबांचाच नंदी न्यायचा होता, त्यावर ती तसूभर हलायला तयार नव्हती.

दोन, बंडीसकट सगळं १:६ मध्ये. रेवाच्या बाबांना हे फार आवडलं होतं, ते म्हणे मी ओढतो ना खालपर्यंत. पण मग तो पोरीचा नंदी राहत नाही.

तीन, देखावा कापायचा. विहीर नाही, झाडं नाहीत, बंडी नाही. फक्त गोठ्याची एक भिंत, गव्हाण, पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल अन् त्याच्या आजूबाजूची हाताशी लागणारी चार सामानं. बंडी दिसत नाही पण तिचं एक सुटं चाक भिंतीला टेकवून ठेवायचं, तेवढ्यावरून बघणाऱ्याला बंडी कळते.

हे चाकाचं रेवाच्या आजोबांनी सुचवलं. आबाजी मूळचे काटोलकडचे, शेती केलेली, बैल राखलेले. ते इतके दिवस लांबून पाहत होते, कोणी विचारलं नव्हतं. तिसरा पर्याय ठरला अन् बोर्ड दीड फूट बाय एक फूट ठरला. मला अजूनही वाटतं की या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा होता. मिनिएचरमध्ये काय काढून टाकायचं हे ठरवायला काय करायचं हे ठरवण्यापेक्षा जास्त जिवावर येतं, झालेली विहीर बाजूला ठेवताना मीनलला वाईट वाटलंच, पण ती कापणी झाली म्हणून पुढचं सगळं जमलं.

चाक

याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे शिकण्यासारखं भरपूर आहे.

मीनलने पहिलं चाक मोबाईलवर एक फोटो पाहून केलं. सनबोर्डची, म्हणजे हलक्या पीव्हीसी शीटची रिंग, त्यात बांबूच्या काड्यांचे आरे. दिसायला छान. आबाजींनी हातात घेतलं, फिरवलं अन् म्हणाले, "मीनल, हे नऊ आऱ्याचं चाक कुठं पाह्यलं तू? असं चाक सुतार बनवतच नाही बाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लाकडी चाकाचा घेर अखंड नसतो, वळणदार तुकडे जोडून होतो अन् एकेका तुकड्यात दोन दोन आरे बसतात. म्हणजे आरे नेहमी सम. सहा तुकडे असतील तर बारा आरे. मधे तुंबा, तुंब्यातून आस जातो, अन् बाहेरून लोखंडी धाव. ही धाव तापवून लाल करून चढवतात, गार पडली की आवळते अन् सगळे तुकडे एकमेकांत दाबून धरते, म्हणून चाकाला खिळे फारसे लागतच नाहीत.

दुसरं चाक त्यांच्यासमोर झालं. कंपासने साडेचार इंच त्रिज्येचं, म्हणजे नऊ इंच व्यासाचं वर्तुळ काढलं, अन् कंपास तसाच ठेवून त्याच मापाने परिघावर खुणा करत गेले तर बरोबर सहा खुणांत फिरून पहिल्या जागी येतो, मग प्रत्येक दोन खुणांच्या मधे एकेक, झाले बारा. कोनमापक लागतच नाही. रेवा शाळेत हे अजून शिकलेली नव्हती, तिने तो कंपास चार वेळा फिरवून पाह्यला की दर वेळी जमतं का.

घेरासाठी सनबोर्डचे सहा तुकडे, वरून आइसक्रीमच्या काड्यांच्या पातळ पट्ट्या, दोन तुकड्यांच्या सांध्यावर जाडी रेष मुद्दाम सोडलेली. तुंबा जुन्या पेनच्या झाकणावर एम-सीलचा (गळती बुजवायच्या पुट्टीचा) थर देऊन. धाव म्हणजे ॲल्युमिनियमची टेप, काळा रंग, वाळला की स्पंजच्या तुकड्याने विटकरी अन् थोडा पिवळसर रंग नुसता टेकवत टेकवत गंज. लाकडाला आधी फिका खाकी, मग पाण्यात पातळ केलेला गडद तपकिरी सगळीकडे फिरवून लगेच पुसून घ्यायचा, तो खाचांमध्ये तेवढा राहतो, अन् शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच कडांवर फिकट रंग. एवढ्यानेच वीस वर्षं पावसात पडलेलं लाकूड दिसतं. गंज लावायचं काम रेवाला दिलं होतं अन् ते तिने आईपेक्षा चांगलं केलं, कारण मोठ्यांचा हात नेमाने ठिपके देत जातो, लहान पोराचा तसा जात नाही, अन् गंज कधी नेमाने चढत नाही.

दुसरी अडचण: पावसाळ्यात क्ले

चाक होत होतं तोवर बाकीचं सामान मीनलने एअर ड्राय क्लेमध्ये करून ठेवलं होतं. गव्हाण, रांजण, ढेपीचे (बैलांच्या पेंडीचे) तुकडे, घमेलं. गव्हाण म्हणजे चांगला वीतभर लांबीचा जाड गोळा, आतून कोरलेला. दोन दिवस ठेवला, वरून कडक लागला, रंगवला, व्हार्निश मारला.

राखीच्या दिवशी पाहुणे आले म्हणून बॉक्स उघडून दाखवायला काढलं तर गव्हाणीच्या तळाशी काळे ठिपके, रंगाखाली फोड आलेले, अन् रांजणाचा रंग टिचकीने पापुद्रा निघावा तसा निघत होता. राखीपासून पोळ्याला पंधरा दिवस.

कारण काही गूढ नाही. एअर ड्राय क्लेमध्ये पाणी असतं, ते उडालं की ती कडक होते. मे महिन्यात नागपुरात ते इतक्या झपाट्याने उडतं की वरची कातडी आवळून तडे जातात, अन् पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की जाड वस्तूच्या पोटातलं पाणी आठवडा आठवडा निघत नाही. वरून कोरडं लागलं म्हणून रंग अन् व्हार्निश मारला की ते पाणी आत कोंडलं. मग बुरशी येणार, रंग फुगणार. कॉर्नफ्लोअर अन् गमची घरगुती क्ले असेल तर अजूनच, बुरशीला तिथे खायलाच मिळतं.

इथे परत पर्याय मांडले गेले. ओटीजीमध्ये (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) मंद आचेवर सुकवायचं का, तर जाड तुकडा असा तापवला की बाहेरून आवळतो अन् आतली वाफ त्याला फोडते, म्हणून नको. ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले आणायची का, ती पाण्याची नसतेच, पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला भाजली की झालं, साधारण ११० ते १३० अंश, पावसाचा काही संबंध नाही, पण १:६ मधली गव्हाण त्यात करायची म्हणजे खर्च फार अन् वजनही वाढणार. वेळ तर नव्हताच.

मग ठरलं ते मिश्र काम. मोठ्या वस्तू पोकळ करायच्या अन् फक्त साल चढवायची. गव्हाण सनबोर्डची पेटी झाली, सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, ओलीने फुगत नाही, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) फुगतो. रांजण म्हणजे अंगठ्याने दाबून गोल केलेला ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा अन् त्यावर एम-सीलचा पातळ थर. एम-सील दोन भाग सारखे घेऊन मळायचं, हातमोजे घालून, अन् थोडं थोडंच, कारण अर्ध्या तासात हाताला दाद देईनासं होतं. पाण्याचं बोट फिरवलं की गुळगुळीत होतं. घमेल्याला तर काही करावंच लागलं नाही, खरं घमेलं दीड फुटाचं म्हणजे आपल्या मापात तीन इंच, जॅमच्या बाटलीचं झाकण बरोबर तेवढं. ढेप तेवढी क्लेमध्येच राहिली, पातळ चपटे तुकडे असल्याने ती आरपार सुकली होती, ती रेवाने तोडून तोडून घमेल्यात भरली.

भिंतीला आधी वॉल पुट्टी लावली होती, ती सनबोर्ड वाकला की टवके उडून निघत होती. सनबोर्ड गुळगुळीत अन् लवचिक, पुट्टी ठिसूळ, तिला धरायला काही नाही. मग सनबोर्डला सॅण्ड पेपर मारून खरखरीत केलं अन् लाकडाचा भुसा, पाण्याला टिकणारा गम अन् मातकट ॲक्रिलिक रंग असं एकत्र कालवून थापलं. ओलं असतानाच रेवाने हाताच्या बोटांनी अर्धगोल सारवणाचे फटकारे ओढले. आता बोटं आठ वर्षांच्या पोरीची असली तरी १:६ मध्ये ती मोठ्या बाईच्या बोटांपेक्षा खूप जाड दिसतात, म्हणून मग करंगळीच्या टोकाने परत केलं.

कुटार (भुसकट) अन् कडबा खरा वापरायचा मोह होतो, घरी मिळतोही, पण पावसाळ्यात त्याला वास येतो, किडे होतात. सुतळी पिंजून, बारीक कापून, पिवळसर रंगवून ठेवली, कोणाला फरक कळला नाही.

नंदीला हात लावायचा का

मीनलचा विचार होता की नंदी घासून परत पांढराशुभ्र रंगवायचा. ग्रुपमध्ये यावर दोन तट पडले. एक म्हणे देखावा एवढा नवा अन् बैल पोपडे निघालेला, शोभणार नाही. दुसरा म्हणे चाळीस वर्षांचा रंग आहे, एकदा घासला की गेला.

मी दुसऱ्या बाजूची होते अन् आहे. घरातल्या जुन्या खेळण्याला परत मागे नेता येणार नाही असं काहीही करायचं नाही. शेवटी असं झालं की जेमतेम ओल्या कापडाने पुसला, निघत असलेल्या पापुद्र्यांखाली ब्रशच्या टोकाने गम सोडून ते परत बसवले, तुटलेला कान एम-सीलने नवा केला पण मूळ लाकडावर काहीच घासलं नाही. बाकी सगळी सजावट काढता येईल अशी. शिंगांना बेगड गमने न चिकटवता टोपीसारखी वळवून बसवलेली. मोरखी (तोंडाभोवती बांधायची दोरी) अन् कासरा पातळ पीळदार दोऱ्याचे, खऱ्या गाठी मारलेले. घुंगरू इतवारीच्या बाजारातून आणलेले, दागिन्यांना लावतात ते अगदी बारीक.

झुलीवर मात्र रेवाचा पूर्ण ताबा होता अन् तो निर्णय सहज झालेला नाही. आधी मीनलने मखमलीची झूल शिवली होती, पण मखमल या मापात गादीसारखी ताठ उभी राहते. कापड मिनिएचरमध्ये नेहमी खऱ्यापेक्षा खूप पातळ लागतं. म्हणून जुन्या रेशमी ओढणीचा तुकडा घेतला, नंदीला प्लॅस्टिकचा रॅप गुंडाळला, कापड पातळ गमच्या पाण्यात बुडवून त्याच्या पाठीवर टाकलं, घड्या बोटांनी बसवल्या, रात्रभर पंख्याखाली. सकाळी झूल बैलाच्या अंगाचा आकार घेऊन तयार, अन् रॅपमुळे नंदीला गमचा थेंब लागलेला नाही. आता त्यावर नक्षी कोण करणार? मीनलला स्वतः करायची होती, बारीक ब्रशने, वेलबुट्टी. रेवा म्हणाली, "आई, सगळं तूच करते, मग मी फक्त दोरी ओढू का?"

मीनलने ब्रश तिच्या हातात दिला. रेवाने गेरूच्या रंगात करंगळीचे ठसे उमटवले, पोळ्याला बैलांच्या अंगावर हाताचे ठसे मारतात ना तसे, अन् कडेला टिकल्यांची रांग लावली, थोडी वाकडी. मला विचाराल तर अख्ख्या देखाव्यात नजर आधी तिथेच जाते.

त्या दिवशी काय झालं

सकाळी मारबत, संध्याकाळी तान्हा पोळा, दोन्ही एकाच दिवशी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून ठेवते, मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, इडापीडा घालवायला काळी अन् पिवळी मारबत म्हणजे मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात, बडगे म्हणजे पुरुषी पुतळे निघतात, तेव्हा राहिलेलं सामान ऐनवेळी आणू असा विचार कोणी करू नये. मीनलचं सगळं आधी झालेलं होतं.

संध्याकाळी बारीक भुरभुर होती. पोस्टर कलर वापरला असता तर मैदानापर्यंत सगळं वाहून गेलं असतं, ॲक्रिलिक अन् वरून मॅट व्हार्निश होता म्हणून काही झालं नाही. भिंत, गव्हाण, रांजण, सगळं शाबूत. अडचण वेगळीच निघाली. कॉलनीच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक आहेत, छोट्या चाकांचा पाट त्यावरून ओढला की खडखड खडखड धक्के बसतात. मैदानाच्या अलीकडे भिंतीला टेकवलेलं मोठं चाक निखळून खाली आलं. आरे तुटले नाहीत.

का निखळलं हे नंतर बघितलं. चाक दोन जागी चिकटवलेलं होतं, दोन्हीकडे रंगवून झाल्यावर. गम चाकाच्या रंगाला घट्ट धरून होता, भिंतीच्याही रंगाला घट्ट धरून होता, सुटला तो भिंतीचा रंग. चिकटवायच्या जागी रंग खरवडून काढायला हवा होता अन् आत तारेची खुंटी हवी होती. जो भाग हलणार आहे तिथे नुसत्या गमवर कधीच विसंबू नये.

मीनल घरी गम आणायला धावणार तर रेवाने नंदीचा कासरा सोडला, चाकाच्या आऱ्यातून ओवला अन् गव्हाणीच्या खुंट्याला बांधून टाकला. गाठी खऱ्या होत्या म्हणून हे करता आलं. आबाजींनी गाठ पाह्यली, म्हणाले, "अशीच बांधतात, सोडू नको आता."

परीक्षकांपैकी एका काकूंनी रेवाला सरळच विचारलं की हे तू केलं की आईनं. रेवाने सांगितलं की झूल माझी, गंज माझा, ढेप माझी, भिंत मी सारवली, चाकाचं आबाजींनी सांगितलं अन् बाकी आईनं केलं. मग बाराच आरे का असतात तेही सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. पहिलं बक्षीस एका उंच सजवलेल्या नंदीला गेलं, लायटिंगवाल्या. रेवाला उत्तेजनार्थ मिळालं, टिफिन. बोजारा मात्र जोरात झाला, कारण तिच्या नंदीभोवती म्हातारी माणसं थांबून थांबून पाहत होती अन् प्रत्येकाला आपल्या गावचा गोठा आठवत होता.

त्यानंतरची मागणी

लगेच चार-पाच जणींनी विचारलं, पुढच्या वर्षी आम्हाला करून द्याल का, पैसे देऊ. हाही निर्णयाचाच मुद्दा होता. मीनलने हिशोब मांडला, सामानाचा खर्च दोन हजारांच्या आतच होता, पण रात्री बारा-बारापर्यंत बसून गेलेला वेळ धरला तर जी किंमत होते ती सांगायची हिंमत होणार नाही, अन् कमी सांगितली तर पावसाळाभर त्रास. शिवाय तयार देखावा विकत घेऊन पोराच्या हातात दोरी द्यायची हे तिला पटत नव्हतं, मलाही पटत नाही. तिने देखाव्यांना नाही म्हटलं अन् उलट असं सुचवलं की राखीच्या आधीच्या रविवारी पोरांना घेऊन या, मी चाक करायला शिकवते. आबाजी कंपास घेऊन बसणार हे आधीच ठरलेलं.

परत करायचं झालं तर

पहिलं म्हणजे आबाजींना आधी विचारायला हवं होतं. मीनल मोबाईलवर फोटो शोधत होती अन् ज्या माणसाने बंडी हाकलीये तो शेजारच्या खोलीत बसला होता. आपल्या भागातल्या वस्तू करायच्या तर ज्यांनी त्या वापरल्या त्यांच्याकडे माप असतं, अन् ते माप इंटरनेटवर मिळत नाही. चाक बैलाच्या कुठपर्यंत लागतं, गव्हाण किती उंच असते की बैलाला मान फार वाकवावी लागत नाही, हे त्यांनी हाताने दाखवलं अन् मीनलने ते सहाने भागलं, इतकं ते सोपं होतं.

दुसरं, क्लेची परीक्षा. पावसाळ्यात कुठलीही जाड वस्तू रंगवायच्या आधी रोज वजन करून बघा, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा चालतो. वजन कमी होणं थांबलं म्हणजे पाणी निघालं. हाताला कोरडं लागतं यावर भरवसा ठेवू नका.

तिसरं, रस्त्यावरून ओढून बघायला हवं होतं. देखावा टेबलवर तयार होतो पण राहणार आहे तो पोराच्या हातात अन् खडबडीत रस्त्यावर, तर एकदा रंगवायच्या आधीच नुसता सांगाडा ओढून बघितला असता तर चाकाचं तेव्हाच कळलं असतं. पाटाची चाकंही मोठी अन् रबरी हवी होती.

चौथं, ठेवण्याचं. सध्या सगळं सुटं करून बॉक्समध्ये आहे, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, नंदी वेगळा सुती कापडात. माळ्यावर ठेवू नका हे मी निक्षून सांगितलं, मे महिन्यात आपल्याकडे माळ्यावर जी उष्णता होते तिच्यात ग्लू गनने चिकटवलेलं हळूहळू सरकतं, टिकल्या-मणी घरंगळतात. खालच्या कपाटात, भिंतीपासून थोडं दूर.

बाजूला ठेवलेली १:१२ ची विहीर अन् तुळशीवृंदावन आता कामाला येणार आहे. यंदा साडेचार इंचांची जोडी आणायची अन् खरोखरची बंडी करायची असं ठरलंय, बाबांचा नंदी या वर्षी घरी पूजेला. रेवाला बंडीची चाकं फिरायला हवी आहेत. लाकडी काडीचा आस झिजेल म्हणून सायकलच्या स्पोकचा तुकडा अन् त्यावर पेनच्या रिफिलची नळी असा विचार आहे, आबाजी म्हणतात की नळीत एरंडेलाचा एक थेंब टाका, अन् मीनल म्हणते की तेल लाकडात उतरलं तर रंग धरणार नाही, तेव्हा आधी एका टाकाऊ चाकावर करून बघणार आहेत.